पुराव्याची भिंत

शामराव गजभिये यांनी नोकरीभर दिल्लीच्या एका मंत्रालयात फायली सांभाळल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाट्याला आली ती एक भेग. फायलींना निदान कपाट असतं. ही भेग घराच्या मागच्या खोलीत होती, जमिनीपासून थेट छतापर्यंत, आणि तिला कुणी हात लावू नये याची राखण करणं हेच त्यांचं निवृत्तीनंतरचं काम होऊन बसलं.

घर फरीदाबादच्या अगदी कडेला. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, तिथे बोरिंग आणि रमाबाईंचा कढीपत्ता. सरकारी क्वार्टरमध्ये उभा जन्म गेल्यावर हे पहिलं स्वतःचं घर. वर्ध्याकडच्या नातेवाइकांनी "एवढ्या लांब कशाला बांधलं?" म्हणून नाकं मुरडली, पण रमाबाईंना ते आवडलं होतं, आणि शामरावांना रमाबाईंना आवडलं हे आवडलं होतं.

मग गॅसची पाइपलाइन आली. रस्ता न खोदता जमिनीखालून आडवं भोक पाडत न्यायचं आणि त्यातून पाइप ओढायचा, अशी ती पद्धत. भोक ढासळू नये म्हणून त्यात पातळ चिखल जोराने सोडतात. आता जमिनीच्या पोटात कुठे पोकळी आहे, कुठे भुसभुशीत आहे, हे त्या चिखलाला कोण सांगणार? त्याला शामरावांच्या अंगणात वाट सापडली. कढीपत्त्याच्या बुंध्यातून करडा चिखल उसळला, बोरिंगचं पाणी गढूळ झालं, आणि चार दिवसांत मागच्या खोलीची फरशी एका अंगाला खचून भिंत तडकली. ठेकेदाराच्या माणसांनी चिखल ट्रॅक्टरमध्ये भरला, "हो जाएगा अंकल जी" म्हणाले आणि यंत्र घेऊन पुढे गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याचं घर तडकलं त्याने मग कुठली पायरी चढावी, हे ती म्हण सांगत नाही. शामराव विनयाकडे गेले. विनया तिथल्याच एका मराठी कुटुंबातली, फरीदाबादच्या कोर्टात वकिली करणारी. तिने त्यांना नीट समजावलं. जमीन तुमचीच राहते, सरकार फक्त खालून पाइप न्यायचा हक्क घेतं. त्या पट्ट्यावर बांधकाम करायचं नाही, झाड लावायचं नाही. काम करताना नुकसान झालं तर भरपाई मिळते, ती ठरवायला एक अधिकारी नेमलेला असतो. त्याचा निकाल पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचं. पाण्याच्या नासाडीसाठी हरित न्यायाधिकरणाचं दार वेगळं आहे.

"पण काका, सगळीकडे एकच विचारणार, नुकसान दाखवा. तेव्हा कोर्टाचा माणूस येऊन पाहून जाईपर्यंत भिंतीला बिल्कुल हात लावायचा नाही. नुसत्या फोटोंवर गॅस कंपनी शंका घेईल, भेग हाच आपला साक्षीदार."

अधिकाऱ्याने आधी पाहिलं, आणि जागेत पीक नव्हतं, सबब पिकाचं नुकसान नाही, असा निर्णय दिला. एका जुन्या सरकारी माणसाला दुसऱ्या सरकारी माणसाचा राग येऊ नये, पण शामरावांना आला. त्यांनी जिल्हा कोर्ट गाठलं. कोर्टाने पाहणीसाठी कमिशनर नेमायचं कबूल केलं, आणि त्यानंतर ते घोंगडं भिजत पडलं. कधी कंपनीचा वकील गैरहजर, कधी जजसाहेबांची बदली.

याच काळात रमाबाईंच्या किडनीचं दुखणं वाढलं. खाट मागच्या खोलीत टाकावी लागली, कारण न्हाणीघर तिथेच लागून होतं. खाटेवर पडलं की समोर ती भिंत.

"अहो, कशाला जपताय एवढी? बुजवून टाका ना. सिमेंटचा एक गोळा लागेल."

"अगं, पुरावा आहे तो. कमिशनर येऊन गेला की लगेच भरू."

"केव्हा येणार तो?"

"येईल."

उन्हाळ्यात भेगेतून धूळ यायची. मग मुंग्या लागल्या. शामराव ओल्या फडक्याने मुंग्या पुसायचे, पण अगदी बेताने, भेगेची कड ढासळू नये अशा हाताने. रमाबाई ते बघत पडून राहायच्या. दोन वर्षं झाली, कमिशनर आला नाही. रमाबाई गेल्या.

शामराव रडले नाहीत. लोक म्हणाले, माणूस मोठ्या धीराचा. धीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसे ते सगळेच झाले होते. चहा करायचे, प्यायचे, आणि साखर घालायची राहिली हे कप विसळताना लक्षात यायचं. मुलगी लुंबिनी पुण्याहून रोज फोन करायची. ते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे. भेगेवर मात्र लक्ष होतं. सवय झाली होती.

वर्ष झालं. रमाबाईंच्या स्मरणासाठी पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. फरीदाबादमधली आपली मंडळी म्हणजे विदर्भ-मराठवाड्याकडची नोकरदार बौद्ध कुटुंबं. कुणाच्या घरी असा कार्यक्रम असला की आदल्या दिवशी चार जण येऊन घर झाडून-पुसून, चुना मारून देतात. बोलवावं लागत नाही. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. रेल्वेतला बुद्धभूषण दोघा-तिघांना घेऊन आला, सिमेंटची अर्धी गोणीसुद्धा घेऊन आला.

"जय भीम काका. बाबासाहेबांच्या आणि भगवंतांच्या प्रतिमा या भिंतीला लावू, शेजारी काकूंचा फोटो. ही भेग भरून घेतो, चालेल ना?"

शामरावांना सगळं ठाऊक होतं. विनयाचा शब्द न् शब्द आठवत होता. कमिशनरची तारीख याच महिन्यात लागल्याचंही ठाऊक होतं. ते म्हणाले, "भरा." आणि स्वतः बादली आणून सिमेंटमध्ये पाणी ओतलं. बुद्धभूषण थापी मारत वर वर गेला आणि भेग खालून मिटत गेली. शामरावांना वाटलं, आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. त्रिशरण, पंचशील झालं. बायका रमाबाईंबद्दल बोलल्या, त्यांच्या हातच्या झुणक्याबद्दल, त्या कुणाकुणाला दवाखान्यात घेऊन गेल्या त्याबद्दल. वर्षभर जो कुणी या खोलीत आला तो भिंतीबद्दल बोलला होता. त्या दिवशी भिंतीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात कमिशनर आला. तरुण वकील होता, अदबीने बूट बाहेर काढून आत शिरला. बरोबर कंपनीचा वकील आणि विनया. खचलेली फरशी पाहिली, बोरिंगचं पाणी पाहिलं. मग तो भिंतीसमोर उभा राहिला.

"क्रॅक कहाँ है?"

विनयाने शामरावांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"भर दिया," शामराव म्हणाले. "घर में कार्यक्रम था."

कंपनीचा वकील हसला नाही, एवढी सभ्यता त्याच्याकडे होती. फरशी तर कुठल्याही नव्या घराची खचते, आणि पाण्याचा विषय या कोर्टाचा नाहीच, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. कमिशनर भला माणूस. तो म्हणाला, प्लास्टर ताजं आहे, थोडं खरवडलं तर खाली जे आहे ते मी लिहून घेईन. विनया लगबगीने छिन्नी-हातोडी शोधायला निघाली.

"नको," शामराव म्हणाले.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो काढून ठेवू, परत लावू."

"फोडायची नाही ती."

"काका, अहो, सगळी केस याच्यावर उभी आहे!"

"माहीत आहे मला."

कमिशनरने थोडा वेळ वाट पाहिली. मग भेग दिसली नाही, मालकाने प्लास्टर काढू दिलं नाही, असं लिहिलं. शामरावांनी सही केली. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर केली होती तशीच, वळणदार. पाहुणे गेले.

विनया मात्र दारातून परत आली. तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने, तिचं तिला माहीत.

"एवढं तरी सांगा काका. आज एका झटक्यात सोडून द्यायची होती, तर काकू असताना दोन वर्षं ती भेग जपली कशाला?"

शामराव खाटेवर बसले. बोलायला तोंड उघडलं आणि ओठ थरथरायला लागले. मोठ्या कष्टाने त्यांनी ते आवरले.

"ती पण हेच विचारायची," ते म्हणाले.