मागच्या दाराची काच

२०१९च्या जानेवारीत आमच्या तलासरीत लोक घर असून अंगणात झोपत होते. जमीन केव्हा हलेल याचा नेम नव्हता. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. नवरा रातपाळीला गुजरातेत, मी अंगणातल्या खाटेवर आणि सासूबाई आमच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर. त्यांना दमा, उघड्यावर झोपणं जमायचं नाही.

नेमकी गाडीच्या त्याच मागच्या दाराची काच एका सकाळी खडकन आत पडली. बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरायची, काच ढिम्म. डहाणूचा गॅरेजवाला म्हणाला, आठवड्याने आणा. सासूबाईंनी ऐकलं आणि भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात म्हणाल्या, "काच नाय लागली तर आज मी घरात झोपणार. गार वाऱ्यात रात्रभर गुदमरत नाय बसणार."

त्या बोलतात ते करतात, हा त्यांचा गुण मला लग्नापासून छळतो आहे.

मग फोनवर व्हिडिओ बघून दुपारी मीच गाडी खोलायला बसले. स्क्रू काढले आणि दाराचं आतलं पॅनल ओढलं. त्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या कडाकड सुटल्या आणि दर आवाजाला मी भिंतीकडे बघितलं. त्या दिवसांत सगळ्यांनाच ही खोड लागली होती, रस्त्यावरून ट्रक गेला तरी आधी घराकडे नजर जायची. बटणाची वायर सोडवून बटण घराच्या पायरीवर ठेवलं. काच धरणारी पट्टी सुटली होती आणि तिचे बोल्ट दाराच्या तळाशी पडले होते. ते काढून घेतले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि काच खालून उचलून धरली.

सासूबाई चहा टाकायला उठल्या. मी म्हटलं, "बाहेरच बसा ना."

"चहा काय अंगणात उगवतो?" म्हणत त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने माझ्या हातातली काच थरथरू लागली. मोटर चालू झाली असं समजून मी वैतागून बटणाकडे पाहिलं. ते सुटंच होतं, कशालाही न जोडलेलं, आणि पायरीवर जागच्या जागी नाचत होतं.

आमच्याकडे खिडकीत ताटावर एक पेला उपडा घातलेला असायचा. धक्का बसला की तो खणखणायचा आणि आम्ही बाहेर पळायचो. आज तो वाजलाच नव्हता.

मी हात ओढला तर बांगड्या आतल्या पत्र्यात अडकल्या. वरून काचेचं ओझं. "आई, बाहेर या!" मी ओरडले. कौलं करकरत होती. मी पुन्हा ओरडले, पुन्हा पुन्हा. आपल्यादेखत ही बाई जाणार आणि आपण गाडीच्या दाराला बांधल्यासारखे बघत राहणार, एवढंच मनात होतं. इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

त्या घराच्या दारात आल्या. हातात तोच पेला. चहासाठी त्यांनी तोच उचलला होता. त्या पायरी उतरल्या आणि मागे चुलीवर कौलं कोसळली.

जमीन थांबली. त्यांनी घराकडे वळूनही पाहिलं नाही. "ओढू नको, बांगड्या वाढतील," म्हणत पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी काच वरून तोलून धरली. ओझं हललं तसा माझा हात सुटला.

"आधण उकळत होतं. मला धक्का कळलाच नाय," त्या म्हणाल्या. "तुझी हाक आली म्हणून आले."

त्यांनी काच धरून ठेवली, मी बोल्ट आवळले. पाना सारखा निसटत होता. वायर जोडून बटण दाबलं आणि काच सरळ वर जाऊन बसली.

संध्याकाळी त्या शाल घेऊन गाडीत शिरल्या. मला चावी फिरवायला लावली आणि काच दोन बोटं खाली घेतली.

"अहो, गार वारा लागेल," मी म्हटलं.

त्यांनी पदर नाकावरून घट्ट गुंडाळला. "लागू दे. पूर्ण लावली तर तुझी हाक कशी ऐकू येईल?"