आजारी माणसाची लाज

बारावीनंतर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करता करता मी इस्पितळात वॉर्ड मदतनिसाची पगारी नोकरी धरली. डॉक्टर होण्याआधी मला आजारी माणसं जवळून पाहायची होती, आणि आपल्याला ते सोसेल का, हेही.

आज पायाचं ऑपरेशन झालेल्या एका काकांना एकदम उलटी झाली. भांडं पुढे करेपर्यंत माझी बाही भिजली.

"माफ कर गं पोरी," ते ओशाळून म्हणाले.

"धुतली की निघेल, काका. होऊ द्या मोकळं."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं; दुसऱ्या हाताने मी त्यांची पाठ चोळत राहिले. दुखण्यापेक्षा माणसाला लाजच जास्त छळते, हे पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं. थोड्या वेळाने काकांचा डोळा लागला, तरी माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. मला हे जमेल, असं तेव्हा पक्कं वाटलं.