न पळणारा माणूस

आमच्या पनवेलच्या भातगिरणीचा इंजिन-मिस्त्री एलिएझर आपटेकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू होता, आणि शनिवार त्यांचा काम न करण्याचा दिवस. शनिवारी तो घरची चूलसुद्धा पेटवत नसे, मग गिरणीचं इंजिन पेटवणं दूरच. म्हणून शनिवारसाठी बदली माणूस शिकवून ठेवावा लागे.

इंजिन म्हातारं होतं. त्याचं डोकं बत्तीने लाल होईपर्यंत तापवायचं, मोठं चाक पुढे-मागे झुलवून झटका द्यायचा आणि ते खोकलं की मागे सरायचं. सरलं नाही तर तोंड काळं. एलिएझर हे सगळं जावयाला आग्रहाने वाढावं तसं शिकवी. घोळ तिथेच होता. माणूस तयार झाला की दुसरी गिरणी त्याला पळवून नेई. नेऱ्याचा काळूराम गेला, मागोमाग काशिराम गेला.

मालक दयारामशेठ वैतागले. शिकवलं की उडतात, म्हणून त्यांनी शिकवणंच बंद केलं. पुढच्याच शनिवारी एका न शिकलेल्या हमालाने इंजिन उलटं सुरू केलं आणि भात आत जायचं ते बाहेर उडू लागलं. मग शेठनी बजावलं, शिकव, पण आता एक जरी माणूस गेला तर शनिवारी तू यायचं, नाहीतर दुसरी नोकरी बघायची.

एलिएझरने खूप विचार केला आणि थेट शेठनाच गाठलं.

"शेठ, तुम्हीच शिका. तुम्ही कुठे पळणार?"

शेठ धोतर खोचून, काजळीने माखत शिकू लागले. भात पाखडणारी भीमाबाई म्हणाली, "शेठ कंचा नि इंजन कंचा, कलत नाय." पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेठ काळ्या तोंडानेच बाजारभर हिंडून आले.

एका शनिवारी कोन गावच्या गिरणीचा मुनीम माणूस फोडायला आला. काजळी माखलेल्या शेठना त्याने ओळखलं नाही. असा झटका साऱ्या कुलाबा जिल्ह्यात पाहिला नाही म्हणाला, आणि वाढीव पगार, वर दुपारचं जेवण देऊ केलं. शेठ नाही म्हणाले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले.

सोमवारी त्यांनी एलिएझरला बाजूला घेतलं. "काय रे, आपल्याकडे असं कौतुकाचं कुणी बोलत का नाही?"

"ते काम मालकाचं, शेठ. ती जागा बरीच वर्षं रिकामी आहे."

कॉमर्सच्या पुस्तकांत याला मोठी नावं आहेत. शेठनी नुसती जागा भरली, तीही जरा जास्तच. भीमाबाईच्या पाखडण्याची तारीफ, हमालांच्या खांद्यांची तारीफ, एकदा तर गिरणीची वही लिहिणाऱ्या माझ्या शिंकेची. ऐकून काळूरामही परत आला, कारण तिकडे त्याची तारीफ फक्त नोकरीला लावतानाच झाली होती. त्यानंतर शिकलेलं कुणी गेलं नाही आणि एलिएझरचा शनिवार कायम त्याचाच राहिला.

काळूरामला मात्र शनिवारी नुसती बत्ती धरून उभं राहावं लागे. शेठ चाक सोडायलाच तयार नसत.