पंचवीस थेंब

नळ सोडण्याआधी थेंबकाका डावा तळहात शर्टाला पुसायचे. पहिली धार वाहून जाऊ द्यायचे, दुसरी तळहातावर झेलायचे आणि नाकाशी न्यायचे. कुठेही शिरले की आधी माशांकडे बघायचे, मग माणसांकडे. काचेवर टिचकी मारणाऱ्याच्या हातावर टिचकी मारायचे, मग तो वकील का असेना. थेंब मोजताना ओठ हलायचे, आवाज नसायचा. तेवढ्यात कुणी हाक मारली तर मोजणी संपेपर्यंत ओ द्यायचे नाहीत. टॉवेल कायम डाव्या खांद्यावर. भरलेल्या बादलीवर ताटली झाकायची, पाच मिनिटांसाठी का होईना. कागदावर काही लिहायचं नाही. मासा मेला असं कधी म्हणायचे नाहीत. गेला, म्हणायचे.

लोकांच्या काचेच्या टाक्या साफ करणं हे त्यांचं काम. सव्वीस टाक्या होत्या. सलूनमध्ये एक, वकिलांच्या ऑफिसात एक, हॉटेलच्या गल्ल्यामागे एक, दातांच्या दवाखान्यात एक. दर पंधरा दिवसांनी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं. काच मालकाची, मासे मालकाचे. पाणी तेवढं काकांचं.

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. माणसाला ते चालतं, माशाचे कल्ले जाळतं. म्हणून नवं पाणी टाकीत जाण्याआधी त्यात अँटीक्लोरीनचे थेंब घालायचे. काका ते घरीच करायचे. खडीसाखरेसारखे पांढरे खडे आणायचे, पाण्यात विरघळवायचे, बाटलीत भरायचे. थेंब किती, हे नाक सांगायचं. वास उग्र आला की पंधरा, मंद आला की आठ. त्यांना काम शिकवणारा म्हातारा म्हणायचा, डोळ्यांवर जाऊ नकोस, पाणी नेहमी स्वच्छच दिसतं. हुंग. काका वीस वर्षं हुंगत आले. नाकाने एकदाही दगा दिला नव्हता.

मासे आणि त्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते खडे आणायला जात. एकदा दुकानदाराने निळी बाटली पुढे केली.

"काका, ही नवी आलीय. नुसतं क्लोरीन नाही, क्लोरामाइन म्हणून एक असतं, त्याचाही बंदोबस्त करते."

"हिला नाक आहे?"

"बाटलीला कुठलं नाक?"

"मग मला काय शिकवणार ही. ठेव फळीवर, शोभेला बरी आहे."

दुकानात होते ते सगळे हसले. दुकानदारही हसला. काका खडे घेऊन निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाणी गोड झालं. काकांचा शब्द. तळहातावरच्या पाण्याला वासच येईना. घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं. ताई म्हणजे थोरली बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दोघं दोन खोल्यांत राहत, दोघांनीही लग्न केलं नव्हतं, आणि ते कुणामुळे राहिलं यावर गेली तीस वर्षं वाद चालू होता.

"पाणी सुधारलंय, ताई. आता तीन थेंबांत काम होतं."

"तू सुधारशील तेव्हा सांग. ओला टॉवेल पलंगावर टाकलायस."

पहिले गेले ते सलूनमधले आठ मासे. सकाळी पाणी बदललं. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडत होते, संध्याकाळी आडवे झाले. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता म्हणाला, "काका, काय घातलंत पाण्यात?"

"वीस वर्षं घालतोय तेच."

"मग मासेच बदलले म्हणायचे."

त्यात राग नव्हता. काकांना तो असता तर बरं वाटलं असतं.

मग वकिलांकडचे गेले. मग हॉटेलातले. नऊ दिवसांत पाच टाक्या. काकांना एकच कारण सुचलं. आपलं नाक गेलं. वास पाण्याला येतच असणार, आपल्याला कळत नाही. घरी त्यांनी कांदा हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली, ताईच्या डोक्याचं तेल हुंगलं.

"हे काय चाललंय, धाकट्या? मांजर शिरल्यासारखा काय हुंगत फिरतोयस घरभर?"

"वास येतोय का बघतोय."

"येतोय ना?"

"सगळ्याचा येतोय."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. सगळ्याचा वास येत होता, पाण्याचा तेवढा नाही. नाकाचा तेवढाच कोपरा मेला असेल, असं त्यांनी ठरवलं, आणि मग अंदाजाने थेंब वाढवले. सहा केले, पंधरा केले, तीस केले. आणखी तीन टाक्या गेल्या. आता ते तळहातावर पाणी घेत, नाकाशी नेत आणि हुंगायच्या आधीच फेकून देत.

आठव्या टाकीनंतर ते पुन्हा त्या दुकानात गेले. खडे मागितले नाहीत. नुसते उभे राहिले.

"माझे मासे जातायत," ते म्हणाले.

दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं. "निळी बाटली वापरताय ना?"

"नाही."

"अहो काका, पाणीखात्याने औषध बदललंय. क्लोरीन पाइपातून येता येता उडून जायचं. म्हणून आता त्यात अमोनिया मिसळतात. त्याचं क्लोरामाइन होतं. ते उडत नाही, टिकतं. तुमच्या खड्यांनी त्यातलं क्लोरीन मरतं, पण अमोनिया पाण्यात मोकळा होतो. माशांना तोही विषच."

"आणि वास?"

"वास फारसा येत नाही त्याला."

दुकानातल्या टाक्यांमधून हवेचे बुडबुडे येत होते.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील. नोटीस लागली होती पाणीखात्यात. मी तुम्हाला बाटली दाखवली, ती त्याच आठवड्यात."

म्हणजे नाक शाबूत होतं. वास खरोखर कमी झाला होता आणि नाकाने ते बरोबर सांगितलं होतं. वीस वर्षं सांगितलं तसंच खरं सांगितलं होतं. ते खोटं बोललं नव्हतं, तरी आठ टाक्या गेल्या होत्या. नाक गेलं असतं तर काकांनी सोसलं असतं. म्हातारपण म्हणून खपवून नेलं असतं. हे कशात जमा करायचं, तेच त्यांना कळेना.

उरलेल्या टाक्यांच्या मालकांनी एकेक करून निरोप धाडले. सगळे सभ्य होते. तूर्त राहू द्या, काका. आम्ही कळवतो, काका. एक टाकी उरली, ती दातांच्या दवाखान्यातली. तीही विश्वासामुळे नव्हे. डॉक्टरीणबाई महिनाभर रजेवर होत्या, दवाखाना बंद होता, म्हणून त्या टाकीतलं पाणी बदलायचं राहून गेलं होतं. तिथे काम करणारी मुलगी रोज येऊन फोन घ्यायची आणि माशाला खाणं घालायची.

मासा एकच. केशरी, हाताच्या पंजाएवढा, अकरा वर्षांचा. दात काढायला आलेल्या मुलांनी त्याचं नाव बोळकं ठेवलं होतं, कारण तो दिवसभर तोंड उघडमीट करायचा आणि आत एकही दात दिसायचा नाही. थेंबकाका हे नावही त्याच मुलांचं. काकांनी बोळक्याला आणलं तेव्हा तो नखाएवढा होता.

मुलीचा फोन आला. पाणी पिवळं झालंय, बोळकं कोपऱ्यात बसून असतो, खात नाही. पाणी बदलायला हवं होतं. आणि बदललं तर पाणी त्याच नळाचं.

काका दुकानात गेले. फळीवर चार बाटल्या होत्या. वीस वर्षांत त्यांनी बाटली निवडली नव्हती. एकेकीचं झाकण उघडून त्यांनी हुंगून पाहिलं. सवय. एकीला कुजक्या अंड्यासारखा वास होता, एकीला काहीच नव्हता.

"हुंगू नका, काका. लेबल बघा," दुकानदार हळूच म्हणाला. "ही पहिली फक्त क्लोरीनची, म्हणजे तुमचे खडेच, रंग घातलेले. ही दुसरी क्लोरामाइन फोडते, पण अमोनिया तसाच ठेवते. तिसरी माशाच्या अंगावरच्या बुळबुळीसाठी. निळी दोन्ही करते. क्लोरामाइन फोडते आणि सुटलेला अमोनिया बांधून ठेवते."

"नक्की?"

"असं लिहिलंय."

"लिहिलंय ते कळलं. नक्की का?"

दुकानदाराने बाटली त्यांच्या हातात ठेवली. "दोनशे लिटरला पाच मिली. एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर चालतं."

काकांना टाकी किती लिटरची आहे हे माहीत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. दवाखान्यात जाऊन त्यांनी सुतळीने टाकी मापली, सुतळीला गाठी मारल्या आणि ती ताईपुढे ठेवली. ताईने पट्टी आणली. नव्वद, चाळीस, पंचेचाळीस.

"एकशे बासष्ट. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा कर. दीडशे धर. तिसरा हिस्सा पन्नास लिटर, सव्वा मिली औषध. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिली. किती झाले?"

"तू सांग."

"पाचवीतली मुलं सांगतात."

"सांग ना, ताई."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा स्वर तिने त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. "पंचवीस," ती म्हणाली. "तीन बादल्यांत आठ, आठ, नऊ." तिने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काका दवाखान्यात पोचले. बोळक्याकडे बघितलं, मग मुलीकडे. नळीने तिसरा हिस्सा पाणी काढलं. तीन बादल्या भरल्या. खिशातली चिठ्ठी स्टुलावर ठेवली, बाटलीचं सील फोडलं, ड्रॉपर भरला आणि पहिल्या बादलीवर धरला. ओठ हलू लागले. सहाव्या थेंबानंतर ते थांबले.

"सहा झाले की सात?"

"मी मोजत नव्हते, काका."

त्यांनी ती बादली मोरीत ओतली. पुन्हा भरली. या खेपेला आठ झाले, मग ते म्हणाले की शेवटचा थेंब मोठा होता. ओतली. तिसऱ्यांदा मुलगी मोठ्याने मोजायला लागली, तर तिच्या आवाजाने ते दचकले आणि दोन थेंब एकदम पडले.

"काका, एखादा जास्त झाला तर चालतं असं दुकानदार म्हणाले, तुम्हीच सांगितलंत ना?"

"मला चालतं नको."

अकरा वाजेपर्यंत त्यांनी नऊ बादल्या ओतल्या. शेवटी ते रुग्णांच्या बाकावर जाऊन बसले. टॉवेलने हात पुसले, पुन्हा पुसले. हात कोरडेच होते. बोळकं टाकीच्या तळाशी, त्यांच्या बाजूच्या काचेला लागून होता.

"याला कळत असेल का गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

ते उठले. तिन्ही बादल्या पुन्हा काठोकाठ भरल्या आणि ताटल्यांनी झाकल्या. पूर्वी असं भरून ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन दुसऱ्या दिवसापर्यंत उडून जायचं. यातलं उडणार नव्हतं. त्यांना ते पक्कं माहीत होतं. तरी भरून ठेवल्या.

"उद्या ताईला घेऊन येतो," ते म्हणाले. "ती मोजेल, मी ओतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने त्यांना हाक मारली. ओ आली नाही. ती चहा गाळत राहिली. हाकेला ओ उशिरा द्यायची त्यांची खोडच होती. चहा गाळून झाल्यावर तिने आणखी एकदा हाक मारली, मग आत गेली.

दवाखान्यात मुलीने ताईसाठी मोरीजवळ खुर्ची आणून ठेवली होती. ताईचा फोन दुपारी आला. काका गेले.

टाकीतलं पाणी वरच्या पांढऱ्या खुणेपासून वीतभर खाली आहे. स्टुलावर निळी बाटली आहे, सील फोडलेली. शेजारी ड्रॉपर आणि ताईच्या अक्षरातली चिठ्ठी: आठ, आठ, नऊ. भिंतीशी तीन बादल्या, झाकलेल्या.