माडापर्यंतची वाट

मिस आयोनी स्वाबी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डबा बघितला आणि माझं डोकं उठलं. मँडेव्हिलमधल्या एका वकिलाकडे मी तीस वर्षं टायपिस्ट आहे. डोंगरावरून जो कोणी असा डबा घेऊन उतरतो, त्याच्या कागदांतून हमखास कुणाचातरी मेलेला आजोबा निघतो, हे मला पाठ झालंय.

"या मिस आयोनी, बसा. डब्यात बिस्किटं आहेत की कटकट?"

"आधी पाणी दे गं डॉरेट. तुझ्या वकिलाला खाली तळाला ऑफिस नाही का थाटता आलं? इतक्या पायऱ्या चढेपर्यंत माणूस मरायचा, आणि मग हा त्याचं मृत्युपत्र करणार!"

आम्ही दोघी एकाच डोंगरावरच्या. ती शाळेत स्वयंपाकीण. माझ्या दोन्ही पोरांना तिने सहा-सहा वर्षं दुपारचं जेवू घातलं. काळ्याकुट्ट पातेल्यात मक्याची पेज ढवळताना ती चर्चमधली गाणी म्हणायची, आणि कुणी ताटात घास टाकला की गाणं न थांबवता त्या पोराच्या डोक्यात पळी आपटायची. पोरं तिला भ्यायची आणि सुट्टी लागली की तिच्याच दारात जाऊन बसायची. वय अठ्ठावन्न, एकटा जीव. नवरा म्हणावा असा एक होता. तो फ्लोरिडाला ऊस तोडायला गेला आणि तिकडेच विरघळला.

डब्यातून अपेक्षेप्रमाणे आजोबा निघाला. आयोनी तीस वर्षं ज्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात भाड्याने राहत होती, ते घर तिला विकत घ्यायचं होतं. विकणारी मिस क्लॅरिबेल नेंबार्ड. पण जागेच्या एकुलत्या एका कागदावर नाव होतं क्लॅरिबेलच्या आजोबांचं, एझिकिएल नेंबार्ड यांचं. ते जाऊन पन्नास वर्षं झाली. मालकीची नोंदणी कुणी केलीच नव्हती, आणि आजोबांचे हयात वारस नऊ.

वकीलसाहेबांनी सांगितलं, "नऊच्या नऊ सह्या आणा. मग मोजणी, मग किंग्स्टनला अर्ज, मग तुमच्या नावाने मालकीचा दाखला."

आठ सह्या आयोनीने चार महिन्यांत मिळवल्या. दर शनिवारी बसने कुठे कुठे गेली. एका चुलतभावाला तर तिने माँटेगो बेच्या बाजारात मासे तोलता तोलता गाठलं आणि खवल्यांच्या हातानेच सही करायला लावली. तो कागद आजही फाइलीत आहे आणि आजही वास मारतो.

नववा वारस म्हणजे क्लॅरिबेलचा थोरला भाऊ व्हर्नल. एकतीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅममध्ये बस चालवली, एकदाही परत आला नाही. त्याचं नावही क्लॅरिबेलने आम्हाला आपणहून सांगितलं नव्हतं. मी तिला चांगलं फैलावर घेतलं.

"अहो, सख्खा भाऊ विसरलात?"

"विसरले कशाने? त्याचा माड आहे ना अंगणात. मी घर विकतेय, त्याचा माड थोडाच विकतेय! मग त्याला कशाला विचारायचं?"

आमच्या डोंगरावर मूल जन्मलं की त्याची नाळ अंगणात पुरतात आणि वर झाड लावतात. ते झाड त्या मुलाचं. पुढे घर कुणाकडेही जावो, झाडाला दुसरा हात लावत नाही. क्लॅरिबेल खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी भावाचा वाटा म्हणजे तो माड, आणि तो तर जागेवर होता. पण किंग्स्टनच्या नोंदणी कार्यालयात झाड वेगळं आणि जमीन वेगळी असा रकाना नाही.

आम्ही व्हर्नलला पत्र घातलं. तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. 'माझी नाळ तिथे आहे. मी सही करणार नाही. पुन्हा लिहू नये.'

क्लॅरिबेलला ख्रिसमसच्या आत लेकीकडे कॅनडाला जायचं होतं. खालच्या रस्त्यावरचा हार्डवेअरवाला तिच्या मागे लागला होता. त्याला कागदांची फिकीर नव्हती. ट्रक उभे करायला सपाट जागा हवी होती. ख्रिसमसपर्यंत आयोनीचं जमलं नाही तर ताबा त्याला, असं क्लॅरिबेलने स्पष्ट सांगून टाकलं.

वकीलसाहेबांनी मग दुसरी वाट दाखवली. व्हर्नल तीस वर्षं फिरकलेला नाही, त्याचा जागेशी संबंध सुटलाय, असं शपथेवर लिहून कोर्टात द्यायचं. तेवढ्याने काम झालं असतं. मी प्रतिज्ञापत्र टाइपसुद्धा केलं. आयोनीने ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"हे खोटं आहे डॉरेट."

"तीस वर्षं आला नाही, हे खोटं आहे?"

"ते खरंय. पण त्याचा संबंध सुटलाय, हे खोटं. त्याची नाळ तिथे मातीत आहे, आणि मी बायबलवर हात ठेवून सांगू की नाही म्हणून?"

माझं टाळकं सटकलं. "मग बसा त्या माडाला कवटाळून! खाली नव्या वसाहतीत घरं निघालीत, दाखला तयार, नळाला पाणी, संडास घरात. उद्या किल्ली हातात मिळेल. त्या सडक्या फळ्यांत काय सोनं पुरलंय तुमचं?"

तिने तो कागद तिथेच सोडला. डबा उचलला आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, म्हातारीला हट्टाने ग्रासलंय. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आयोनीने स्वतःच्या हाताने व्हर्नलला पत्र लिहिलं. त्याची नक्कल तिने मला नंतर दाखवली. घराबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. 'तुमचा माड बरा आहे. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात कलंडला होता. चार माणसं लावून सरळ केला, तीन टेकू दिलेत. शेंडा हिरवा आहे. यंदा अकरा नारळ धरले. ते कुणाला द्यायचे तेवढं कळवा.'

नोव्हेंबरच्या एका सकाळी व्हर्नल नेंबार्ड स्वतः ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. शहात्तर वर्षांचा, काठी टेकत, भर उन्हात डोक्यावर लोकरीची टोपी. वकीलसाहेबांनी मला सोबत धाडलं, कारण भांडण झालं तर साक्षीदार हवा.

अंगणात शिरल्यावर त्याने घराकडे बघितलंही नाही. बहिणीकडेही नाही. तडक माडाकडे गेला. टेकू हलवून पाहिले, दोऱ्या चाचपल्या. दोऱ्यांखाली खोडाला काच पडू नये म्हणून आयोनीने जुन्या गोणपाटाच्या घड्या घातल्या होत्या. त्यांवर तो बराच वेळ बोटं फिरवत राहिला.

"हे कुणी केलं?"

"मीच," आयोनी म्हणाली. "दर वर्षी बदलते. गोणपाट कुजतं."

"तुला काय पडलंय गं माझ्या माडाचं? भाडेकरूच ना तू?"

"भाडेकरूच आहे. म्हणून काय झाड मरू द्यायचं?"

तो घशातल्या घशात हसला. मग त्याचं लक्ष कुंपणाजवळच्या नीरफणसाकडे गेलं. चांगला डेरेदार, फळांनी लगडलेला. खोडाभोवती पांढऱ्या दगडांचं आळं होतं.

"हा आमच्या वेळी नव्हता. कुणाचा?"

आयोनीने हात झग्याला पुसले. ओले नव्हतेच ते.

"माझ्या पर्लीनचा," ती म्हणाली.

मला काहीच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं शेजारच्या टेकडीवर राहून ठाऊक नव्हतं.

या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी तिला मुलगी झाली होती. सहाव्या दिवशी नाळ पडली, ती सुईणीने तिथे पुरली आणि वर नीरफणसाचं रोप लावलं. आमच्याकडे नऊ दिवस झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. नोंदणी, बाप्तिस्मा, सगळं त्यानंतर. पर्लीन आठव्या दिवशी गेली.

"दफनाआधी मी नोंदणीवाल्याकडे गेले," आयोनी म्हणाली. "म्हटलं, तिचं नाव लिहून घ्या. तो म्हणाला, बाई, जन्मच नोंदवलेला नाही तर मृत्यू कशाचा नोंदवू? चर्चच्या मागे पुरली तिला. पुढे रस्ता रुंद केला, त्यात तो कोपरा गेला. आता हे झाड तेवढं आहे."

"फळं भरपूर दिसतायत," व्हर्नल हळूच म्हणाला.

"शाळेत जातात सगळी. भाजून देते पोरांना. मी नाही खात." ती किंचित हसली. "तिच्या वयाची पोरं खात होती तेव्हापासून देते. आता त्यांचीही पोरं खातात."

मी तोंड फिरवलं. 'काय सोनं पुरलंय तुमचं' असं मी हिला विचारलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

व्हर्नल माडाच्या बुंध्याशी टेकू धरून खाली बसला. त्याला बसायला खूप वेळ लागला. आयोनीने आतून पुदिन्याचा चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर तो आमच्याकडे वळला.

"हार्डवेअरवाला काय करणार होता इथे?"

"ट्रक लावणार होता," मी म्हटलं. "दोन्ही झाडं तोडून."

"क्लॅरिबेल!" तो इतक्या जोरात ओरडला, की बहीण घरातून ताटलीसकट बाहेर आली. "तुला अक्कल कधी येणार? सत्तरी उलटली तुझी!"

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात येऊन सही केली. एकच अट घातली. रस्त्यापासून माडापर्यंतची वाट त्याच्यासाठी आणि त्याच्या मुलाबाळांसाठी कायम खुली राहील, आणि ती दाखल्याच्या नकाशावर दिसली पाहिजे. आयोनी म्हणाली, "वाट कसली, खुर्चीसुद्धा ठेवीन."

मोजणीच्या दिवशी निम्मा डोंगर लोटला होता. हद्दीवरच्या लाल पानांच्या झुडपांवरून शेजाऱ्यांनी यथेच्छ हुज्जत घातली, मग आयोनीने सगळ्यांना खारा मासा आणि उकडलेली केळी वाढली, तेव्हा हद्द ठरली. व्हर्नल मोजणीदाराला बाजूला घेऊन काठीने मातीत काहीतरी दाखवत होता. मला वाटलं, आपल्या वाटेची रुंदी वाढवून घेतोय, लबाड म्हातारा. नकाशा मोजणीदाराने परस्पर किंग्स्टनला पाठवला. आठवड्याने व्हर्नल परत गेला.

मार्चमध्ये दाखला आला. आयोनी पायऱ्या चढून वर आली, पण या खेपेला जिन्याबद्दल एक शब्द नाही. चष्मा घरी राहिला होता.

"तू वाच."

मी वाचलं. मालक आयोनी स्वाबी, स्वयंपाकीण. तिने डोळे मिटून मान हलवली. मग मी नकाशा उलगडला आणि वाटेचं वर्णन वाचायला लागले. 'रस्त्यापासून आठ फूट रुंदीची वाट, व्हर्नल नेंबार्ड यांच्या माडापर्यंत. तिथून पुढे ईशान्य कोपऱ्यापर्यंत, जिथे...'

मी ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

"जिथे काय? चुकलंय का काही?"

"'जिथे पर्लीन स्वाबी हिचा नीरफणस आहे.'"

खाली बाजारात कुणीतरी अननस विकत ओरडत होतं. आयोनीने नकाशा माझ्या हातातून घेतला. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नव्हतं, तरी तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"कुठे लिहिलंय?"

मी तिचं बोट धरून त्या जागी ठेवलं.

"आडनावासकट?"

"आडनावासकट. सरकारी शिक्क्यासकट."

तिने बोट तिथून हलवलं नाही.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.