सरूबाईचं रेताड रान

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी दुसरं काहीच लपवलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. अहमदपूरच्या आमच्या कचेरीच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून नवं नाव लिहिलेलं, आणि माझी नोकरीही नवीच — गावोगाव फिरून पेरणीचा सल्ला द्यायची. पाऊस मागच्या सालीही दगा देऊन गेला होता. बापाच्या वयाची माणसं मला साहेब म्हणायची. गोड लागायचं कानाला.

मन्याडच्या काठच्या एका गावात सरूबाई राहायची. नवरा वारलेला. सगळी जमीन दिराला हवी होती. पण गावातल्या जाणत्यांनी मध्ये पडून नदीकडचा तुकडा तिला कसायला दिला होता. एक हंगाम पिकवून दाखव, मग पुढचं बघू — असं ठरलेलं. तोच तुकडा तिनं माझ्या नमुन्याच्या पेरणीला दिला. सरकारचा माणूस पाठीशी असलेला बरा, असं वाटलं असेल. दुसरं काय?

मी पेरणीचा सरकारी कागद काढून सांगितलं — बाजरीत तीळ, ओळी जवळजवळ घ्यायच्या.

"साहेब, रान रेताड हाय. ओल टिकत न्हाई," ती म्हणाली. "आम्ही बाजरीच्या दोन ओळींमागं तिळाची एक टाकतो, अन् लई फाकून पेरतो. सासू तसंच करायची."

मी हसलो. सासूला शास्त्र कुठं ठाऊक होतं, म्हणालो. हो, हेच शब्द.

तिनं ऐकलं. मी सांगितलं तसंच पेरलं.

उगवण दाट झाली. मग पाऊस गेला तो गेलाच. वाळूत होती नव्हती ती ओल त्या दाटीनं पिऊन टाकली. आधी तिळानं माना टाकल्या, मग बाजरी पोटऱ्यातच, कणीस बाहेर पडायच्या आधीच वाळली. बांधापलीकडं जुन्या रीतीनं पेरलेल्या रानात बारकी का होईना, कणसं उभी होती. त्या दिवशी मी कागद पहिल्यांदा वरपासून वाचला. वरच लिहिलेलं — भारी, काळ्या जमिनीसाठी. हलक्या जमिनीचा कागद वेगळा होता. माझ्याच टेबलावर पडलेला.

इथवर चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण पुढचं?

लातूरहून मोठे साहेब पाहणीला आले. गाव जमलं, दीरही आला. असल्या रानात एवढं दाट पेरायला कुणी सांगितलं, साहेबांनी विचारलं. सरूबाईनं माझ्याकडं बोट केलं. तक्रार म्हणून नाही — झालं ते सांगावं तसं. आणि मी — क्षणभरसुद्धा थांबलो नाही हो — म्हणालो, "बाईंनी ऐकलं नाही, साहेब. मी विरळच पेरा म्हणालो होतो."

नोकरी गेली असती का? नाही. बोलणी बसली असती, एवढंच.

"खोटं हाय हे," ती म्हणाली. एकदाच.

दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सरकारचं बी ऐकत न्हाई ही. ही काय शेती करणार?" आठ दिवसांत जाणते पुन्हा बसले. तुकडा दिराकडं गेला.

उन्हाळ्यात ती मला कंधारच्या रस्त्यावर दिसली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना. मी सायकल दामटणार होतो, पण तिनंच हाक मारली. "साहेब, तो कागद हाय का? जाणत्यांना दाखवला असता." रागाचा शब्द नाही. कागद माझ्या पिशवीत होता. मी म्हणालो, "कचेरीत जमा झाला, बाई." तिनं मान हलवली आणि हातोडा उचलला.

पुढं मी रेताड रानांना तिचीच पेरणी सांगत फिरलो — दोन ओळी बाजरी, एक तीळ, फाकून. पीक आलं की लोक माझं नाव काढायचे. बढतीही मिळाली. ही रीत कुणाची, हे मी एकदाही सांगितलं नाही.

ती शेवटपर्यंत कंधारला भावाकडं राहिली. घर एसटी स्टँडापासून हाकेच्या अंतरावर. किती वर्षं मी त्या स्टँडावर उतरत होतो. गेलो नाही.