धुळे गाडीचे कंडक्टर भाऊ

मुंबईचे पाहुणे रेल्वेने नाशिकला येतात, तिथून एसटीने आमच्या वायनरीच्या फाट्यावर उतरतात. मळे हिंडून, वाइन चाखून संध्याकाळी परततात. धुळे गाडीचे कंडक्टर भाऊ त्यांना दटावतात, "परतीची गाडी चुकवू नका, इथं रिक्षा नाही!" मला मात्र अहिराणीत खुशाली विचारतात, "काय रे पोऱ्या, बठ्ठं बरं शे ना?" शाळा सोडून पारोळ्याहून आलेल्या मला तेवढाच धीर.

घरी मी द्राक्षं खुडतो असंच सांगितलेलं, वायनरीचं नावही काढलं नव्हतं. एकदा आई त्यांच्याच गाडीनं आली. पायरीवरच तिनं विचारलं, "भाऊ, मना पोऱ्या दारूना कारखानामा शे का?"

मी तिची पिशवी घ्यायला पुढे झालो. भाऊ शांतपणे म्हणाले, "अक्का, तो लोकेस्ले मळा दखाडस." पाहुण्यांना मळा मीच दाखवायचो, तेही खरंच होतं.

पुढच्या फेरीला दारातून वाकून त्यांनी विचारलं, "मायले सांगी दिधं का?"

मी पाहुण्यांच्या बॅगा उचलू लागलो. भाऊंनी घंटी मारली नाही. गाडी थांबूनच होती.